हाताळणीचे टेबल परत मांडा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त,

(संस्थेचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. पेठेतल्या ज्या इतिहास संग्रहालयाच्या दारावर ती सूचना लागली आहे, त्यांना हे पत्र कोणाला आहे ते सांगावे लागणार नाही.)

स. न. वि. वि.

येत्या जूनपासून शाळेच्या गटाला संग्रहालयात ४५ मिनिटे मिळतील, गट एका रांगेत फिरेल, आणि तळमजल्यावरची हाताळणीची (मुलांनी वस्तू हातात घेऊन पाहायची) खोली बंद होऊन तिथे २२ मिनिटांचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम सुरू होईल, असे आपल्या सूचनेत म्हटले आहे. कार्यक्रमाचे तिकीट वेगळे. त्या खोलीत आज काय आहे? एक लांब टेबल, त्यावर जाड नमदा (दाबलेल्या लोकरीचे कापड), सहा ट्रे, एक छोटा वजनकाटा आणि भिंतीवर मोडी बाराखडीचा तक्ता. बाहेरून डोकावणाऱ्याला ती अडगळीची खोली वाटेल, हे मान्य. पण आपल्या इमारतीत मुले खरोखर काही शिकून जातात ती जागा हीच आहे. बाकीच्या दालनांत ती फक्त चालतात.

आम्ही शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या शाळांत इतिहास शिकवणारे शिक्षक आहोत. काही जण वस्तुसंग्रहांची नोंदणी आणि जतन हे काम करतात. दरवर्षी मुलांना घेऊन आपल्या दारात उभे राहतो ते आम्ही, आणि हा निर्णय घेताना ज्यांना कोणी विचारले नाही तेही आम्हीच.

त्या टेबलावर काय घडते ते आधी सांगू. निर्णय घेणाऱ्यांपैकी किती जणांनी तिथे मुलांबरोबर तासभर काढला असेल, याविषयी आम्हाला शंका आहे.

पहिला ट्रे शिवराईंचा. बारा नाणी. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपती’ असते, हे मुलांनी पुस्तकात वाचलेले असते. हातात आलेल्या नाण्यावर मात्र ते सगळे दिसत नाही. ठसा चकतीपेक्षा मोठा, चकती हातोड्याखाली जशी सरकेल तशी, त्यामुळे एकावर ‘राजा’चा अर्धा भाग, दुसऱ्यावर नुसते ‘शिव’, तिसऱ्यावर ‘त्र’ आणि कड. दोन मुलांत एक नाणे द्यायचे, कागदावर दिसेल तेवढेच काढायला सांगायचे, मग बाराही कागद फळ्यावर लावायचे. तुकडे जुळत जातात आणि पूर्ण मजकूर वर येतो. कोणीही सांगितलेला नसतो, मुलांनी तो सिद्ध केलेला असतो. नंतर काट्यावर वजन करायचे. एकाच ट्रेतल्या नाण्यांत दोन-तीन ग्रॅमचा फरक निघतो. मग कोणीतरी विचारतेच, ‘ही सगळी महाराजांच्या काळातली आहेत का?’ नाहीत. याच धाटणीच्या शिवराई पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही पडत राहिल्या. मग कोणती कधीची, हे कशावरून ओळखायचे? अक्षरांच्या वळणावरून, वजनावरून, एखाद्या जादा खुणेवरून. हा ‘कशावरून?’ मुलाच्या तोंडून आला की आमचे काम झाले.

दुसरा ट्रे मोडीचा. इथे मूळ कागद एकही नसतो, छापील प्रती असतात, आणि तसेच असायला हवे. मोडी वाचायला वर्षे लागतात, तासाभरात कोण वाचणार, असे आपल्याकडच्या एका बैठकीत म्हटले गेल्याचे ऐकले. पूर्ण पत्र कोणीच वाचणार नाही. पण शिरोरेषा आधी पानभर ओढून घेतात आणि अक्षरे मग तिला लटकवतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, हात शक्यतो उचलत नाहीत, एवढे सांगितले आणि बोरू हातात दिला, की सहावीतले मूल वीस मिनिटांत स्वतःचे नाव लिहिते. त्यानंतर पत्राची शेवटची ओळ दाखवायची: ‘बहुत काय लिहिणे’. हे शब्द तक्त्यावर लावून वाचता येतात, आणि पुढच्या पत्राच्या तळाशी ते पुन्हा दिसले की मुले ओरडतात. आपल्या पहारेकऱ्यांची आवाजाबद्दल जी तक्रार असते, ती बहुधा याच क्षणाची असते.

मग तारीख. मराठी कागदांत शुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कारभारातली कालगणना, अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘खमस सबैन अलफ’: खमस म्हणजे पाच, सबैन सत्तर, अलफ हजार. एकूण १०७५. शुहूर सन मृग नक्षत्रापासून सुरू होतो, म्हणून मृग ते डिसेंबर या काळासाठी ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मे या काळासाठी ६००. १०७५ अधिक ५९९ म्हणजे १६७४, राज्याभिषेकाचे साल. फळ्यावर मुलांनी स्वतः केलेली ही बेरीज आणि धड्यात छापलेला सन, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय मराठी राज्याच्या दप्तरात अरबी आकडे कसे काय, हा प्रश्न सातवीतली मुलगी आपणहून विचारते. तिला उत्तर देताना दख्खनच्या तीनशे वर्षांचा इतिहास उघडावा लागतो.

तिसरा ट्रे मापांचा. चिपटे, मापटे, शेर, अडशेरी, पायली. सोबत ज्वारी. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशेरी, दोन अडशेरींची पायली. पुढे बारा पायलींचा मण आणि वीस मणांची खंडी. मुले ज्वारी ओतून हे शोधतात, सांडतात, पुन्हा भरतात. इथे ठरलेली एक चूक होते: एक गट माप सपाट भरतो, दुसरा शिगोशीग, आणि उत्तरे जुळत नाहीत. ती चूक आम्ही होऊ देतो. धान्यात वसूल होणारा शेतसारा मोजताना माप कोण भरतो आणि कसे भरतो यावरून तंटे का व्हावेत, ते त्या न जुळलेल्या उत्तरांतून कळते. (ज्वारी मात्र दर पंधरवड्याला बदलावी. पावसाळ्यात तिला टोके, म्हणजे धान्यातले किडे, पडतात आणि टोके संग्रहालयात येणे चांगले नाही.)

हे सगळे हलवून तिथे पडदा येणार. पडद्याला आमचा विरोध नाही. कार्यक्रम उत्तम असू शकेल. पण घोड्यांच्या टापा आणि तोफांचे आवाज मुलांना आज मोबाइलवर फुकट मिळतात, आणि त्याबरोबर कोणी कोणाला कधी काय म्हणाले याची सतरा आवृत्त्याही मिळतात. त्यातले कशाला पुरावा आहे आणि कशाला नाही, हे पारखायची सवय तिथे लागत नाही. ती लागायला समोर वस्तू लागते आणि विचारायला माणूस लागतो. लंडनच्या संग्रहालयातून २०२४ साली साताऱ्यात प्रदर्शनासाठी आलेली वाघनखे घ्या. ती अफझलखानाच्या भेटीत वापरलेलीच आहेत याची खात्री देता येत नाही, असे त्या संग्रहालयानेच सांगितले होते. एवढ्या मोठ्या संस्थेला हे सांगण्यात कमीपणा वाटला नाही. त्यावर वर्गात दोन तास चर्चा होऊ शकते, आणि वस्तूबद्दलचा आदर कमी न होताही ती होऊ शकते.

आता आपली अडचण. मुलांच्या हाताने वस्तू खराब होतात, हे कारण सूचनेत दिले आहे. ते खोटे नाही. घामात मीठ असते. तांब्या-पितळेत त्या मिठातले क्लोराइड मुरले आणि हवा दमट असली, की फिकट हिरवी भुकटी सुटू लागते आणि धातू खड्डे पडून खाल्ला जातो. याला ब्राँझ डिसीज म्हणतात, आणि पुण्याच्या पावसाळ्यात त्याला वेळ लागत नाही. पण त्यावर उपाय खोली बंद करणे हा नाही. उपाय ठाऊक आहेत आणि स्वस्त आहेत. हाताळणीचा संच मूळ संग्रहापासून वेगळा ठेवायचा, त्याची नोंदवही वेगळी. त्यात फक्त अशा वस्तू घ्यायच्या ज्यांच्या भरपूर जोड्या आहेत किंवा ज्या कुठून आल्या याची नोंदच नाही. मुलांनी हात धुऊन पूर्ण कोरडे करूनच टेबलाशी बसायचे. ओले हात न धुतलेल्या हातांइतकेच वाईट. बसूनच हाताळायचे, आणि वस्तू नमद्यापासून वीतभरापेक्षा वर उचलायची नाही, म्हणजे सुटली तरी पडत नाही. ट्रेमध्ये प्रत्येक वस्तूच्या आकाराची खाच कापायची: खाच रिकामी दिसली की वस्तू कुठे आहे हे मुले बाहेर पडायच्या आत कळते. दिवस संपला की नाणी मऊ सुती कापडाने पुसायची. महिन्यातून एकदा भिंगाखाली पाहायची, हिरवी भुकटी दिसलेले नाणे लगेच बाजूला काढून ओल शोषणारे सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवायचे. लोखंडी शस्त्र मुलांच्या हाती देऊच नये. दांडपट्ट्याची बोथट प्रतिकृती टेबलाला साखळीने बांधली, तरी मूठ कोपरापर्यंत कशी जाते आणि मनगट का वळत नाही ते कळते. प्रतिकृतीवर ‘प्रतिकृती’ असे ठळक लिहावे, म्हणजे फसवणूक होत नाही.

कागद आणि कापडाची गोष्ट वेगळी. तिथे आम्ही आपल्यापेक्षा कडक आहोत. ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचे एकक) जास्त उजेड कागदावर, कापडावर आणि जलरंगांवर पडू नये, असा जतनाचा सर्वमान्य संकेत आहे. कारण उजेडाने झालेली हानी साठत जाते, भरून येत नाही. आपल्या वरच्या दालनातली वस्त्रांची काचपेटी दुपारी दोननंतर थेट खिडकीच्या उन्हात असते. मुलांच्या बोटांची काळजी करणाऱ्या संस्थेने तिथे आधी पडदा लावावा.

४५ मिनिटांच्या नियमाचा हिशेब आम्ही मांडून पाहिला. एका तुकडीत ६० मुले धरा. दीड मीटर रुंदीच्या काचपेटीसमोर एका वेळी फार तर पाच जणांना नीट दिसते. प्रत्येकाला १५ सेकंद दिले, तर ६० मुलांना एक पेटी पाहायला तीन मिनिटे लागतात. म्हणजे ४५ मिनिटांत पंधरा पेट्या, तेही कोणी थांबले नाही, कोणाच्या बुटाची नाडी सुटली नाही तर. प्रत्यक्षात पहिली दहा मुले पाहतात, मधली चाळीस पुढच्याची पाठ पाहतात आणि शेवटची दहा भिंतीला टेकून ढकलाढकली करतात. मग पहारेकरी ओरडतो आणि शिक्षकही ओरडतात. ‘मुलांना इतिहासात रस नाही’ हा शेरा त्या रांगेतच तयार होतो.

याऐवजी १५-१५ चे चार गट करा. एक टेबलाशी, दोन वेगवेगळ्या दालनांत, एक वाड्याच्या चौकात, तिथे बांधकाम पाहायला: खणांची मोजणी, कडीपाट, जोत्याचा दगड. प्रत्येक ठिकाणी २० मिनिटे, मग फिरते चक्र. बदलायला लागणारा वेळ धरून ९० मिनिटांत सगळे होते, आणि कुठल्याही पेटीपुढे पंधरापेक्षा जास्त डोकी नसतात. यासाठी चार माणसे लागतात. दोन शिक्षक आमचे, दोन आपले. दालनातल्या गटाला एकच कागद द्यावा, त्यावर चारच प्रश्न. गाळलेल्या जागा भरायला दिल्या की मुले वस्तूकडे न पाहता लेबले उतरवून काढतात, आणि काचेला कागद टेकवून पेनने लिहितात. म्हणून प्रश्न असे हवेत की उत्तर लेबलात नसेल: ‘या अडकित्त्याचा कोणता भाग सर्वांत जास्त झिजला आहे? का?’ आणि आत फक्त पेन्सिल.

लेबलांबद्दल स्वतंत्र पत्र लिहावे लागेल, इथे थोडक्यात. ‘कट्यार. लोखंड. १८ वे शतक.’ यातून मुलाला काही मिळत नाही. कट्यार त्याला दिसतेच आहे. कुठे मिळाली, काळ कशावरून ठरवला, वापर काय, हे ५० शब्दांत सांगता येते. दहा वर्षांच्या मुलाची नजर जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असते आणि आपली निम्मी लेबले त्याच्या डोक्याच्या वर आहेत. मराठी मजकूर इंग्रजीच्या खाली, बारीक अक्षरात, शुद्धलेखनाच्या चुकांसह आहे. पुण्यात आहोत, म्हणून अधिक बोलत नाही.

पुण्यातल्या मुलांना दुसरे कुठले दार उघडे आहे, हाही विचार व्हावा. पेशवे दप्तरात, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांच्या संग्रहात, कापडी रुमालांत बांधलेले लाखो कागद आहेत. इतिहासकार रियासतकार सरदेसायांनी त्यातून निवडलेल्या कागदांचेच ४५ खंड झाले. १९१० साली इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी आणि खंडेराव मेहेंदळ्यांनी स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात अस्सल साधनांचा मोठा साठा आहे. पण ही संशोधकांची ठिकाणे. तेरा वर्षांच्या मुलापुढे तिथे रुमाल सोडणार नाहीत, आणि सोडूही नये. डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, धान्याची कोठारे, पाण्याचा पाट आणि चार पायांच्या मातीच्या रांजणातले दफन मिळाले. शिरूरच्या शाळेतल्या मुलाला हे त्याच्या तालुक्यातले आहे याचा पत्ता नसतो. शाळेचे दप्तर आणि पेशवे दप्तर यांच्यामध्ये जी जागा आहे ती आपल्या संग्रहालयाची. ती जागा सोडली तर ती दुसरे कोणी घेईल असे दिसत नाही.

अभ्यासक्रमाचे म्हणाल तर वेळ याहून चांगली असू शकत नाही. इतिहासाची साधने हा धडा मुलांना सहावीत आहे आणि सातवीतही. दहावीच्या पुस्तकात उपयोजित इतिहास आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन यांवर स्वतंत्र पाठ आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहे, आणि त्या दिवशी मुलांना कुठे न्यायचे याच्या शोधात शाळा आहेत. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांतले शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तीन पुणे जिल्ह्यात आहेत. गडावर जाण्याआधीचा एक तास आपल्या टेबलाशी गेला, तर वर गेल्यावर मुले तटावर नावे कोरण्याऐवजी शौचकूप कुठे होते ते शोधतील.

आणि हो, आपला मुलांसाठीचा एकमेव वार्षिक उपक्रम १८ मे रोजी, जागतिक संग्रहालय दिनी असतो. महाराष्ट्रातल्या शाळांना तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते. तो नोव्हेंबरमध्ये १९ ते २५ या जागतिक वारसा सप्ताहात हलवा, शाळा येतील.

आमच्या मागण्या अशा.

हाताळणीची खोली आहे तिथेच, आहे त्या आकारात राहावी. कार्यक्रमासाठी जागा हवीच असेल, तर संध्याकाळी चौकात करा. शाळा तोपर्यंत सुटलेल्या असतात. गटांना ९० मिनिटे द्यावीत, आणि दिवसाला दोनच गट घ्यावेत, एक सकाळच्या शाळेचा, एक दुपारच्या. डिसेंबर-जानेवारीत सहलींची झुंबड उडते. नोंदणी जूनपासूनच खुली केली, तर निम्म्या शाळा पाऊस संपल्यावर लगेच येतील. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना तिकीट नसावे. त्या शाळांचा खर्च मुळात बसवर होतो, आणि त्यात कार्यक्रमाचे वेगळे तिकीट आले की ती सहल रद्द होते.

हाताळणीसाठी एक माणूस पूर्णवेळ हवा. त्याला मोडीची जुजबी ओळख, वस्तूंची माहिती आणि मुलांशी बोलण्याची हातोटी असावी. यातले तिसरे सर्वांत दुर्मीळ, म्हणून निवडताना त्याला मुलाखतीत नव्हे, सहावीच्या तुकडीसमोर उभे करून पाहावे. आजवर हे काम सुट्टीवर नसलेल्या कोणाही कर्मचाऱ्याकडे जात आले आहे. पहारेकऱ्यांनाही अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. ‘हात लावू नका’ याऐवजी ‘हात लावायचे टेबल खाली आहे’ एवढे वाक्य बदलले तरी पुष्कळ होईल.

एक नळ, हात पुसायला कोरडे पंचे, मुलींसाठी आतून कडी लागणारे स्वच्छतागृह आणि डबा खायला सावली. मागण्यांच्या यादीत हे शेवटी लिहिले आहे, पण शाळा दुसऱ्यांदा येते की नाही हे यावरच ठरते.

दोन शिक्षक, आपला अभिरक्षक (क्युरेटर) आणि जतनाचे काम करणारा एक, अशा चौघांची समिती करून तिमाहीतून एकदा भेटावे, इतके झाले तरी पुढचे वाद पत्राने मांडायची वेळ येणार नाही. आमच्यापैकी काही जण शनिवारी सकाळी टेबलाशी बसायला विनामूल्य तयार आहेत. शंभर बोरू, कागदाचा एक रीम आणि खाचांचे नवे ट्रे आम्ही आणून देऊ. निर्णय मागे घेण्यात अडचण असेल, तर निदान या जूनपुरता तो स्थगित करून एक सत्र वरील पद्धतीने चालवून पाहावे. दोन्ही पद्धतींत मुलांनी भरलेले कागद शेजारी ठेवून मग ठरवावे.

उत्तर लेखी द्यावे आणि तेही सूचनाफलकावर लावावे, कारण पालकही विचारत आहेत.

बहुत काय लिहिणे? हे विनंती.

आपले,
पुणे शहर व जिल्ह्यातील काही इतिहास शिक्षक आणि संग्रह-जतनाचे काम करणारे